सात आठी किती?

चौथीतला एक मुलगा माझ्याकडे येऊ लागला तेव्हा त्याची आई म्हणाली, "ताई, तीन वर्षं रोज संध्याकाळी परवचा म्हणून घेतोय. बेचा पाढा सोडला तर काहीही टिकत नाही." मी त्याला विचारलं, "सात आठी किती?" त्याचे ओठ हलू लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... सात चोकपर्यंत आला आणि बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सात एके सातपासून निघाला. तिसऱ्या खेपेला एकोणपन्नासपर्यंत पोचला, पण तिथून पुढे 'छप्पन्न की सत्तावन्न' यात अडकला.

मी आठ वाट्या आणि चिंचोक्यांचा डबा पुढे ठेवला. "प्रत्येक वाटीत सात-सात टाक." त्याने अगदी नीट टाकले. मग वर बघून म्हणाला, "पण यात पाढा कुठंय?"

तीन वर्षं तो पाढा म्हणत होता, आणि पाढा कशाचा असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यासारख्या मुलांना गुणाकार शिकवायचा तर पाठांतर आधी आणि अर्थ नंतर हा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. कसा, ते घरी आणि वर्गात करता येईल अशा बेताने सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गणितातली अध्ययन अक्षमता म्हणजे आळस नव्हे आणि मंद बुद्धीही नव्हे. लादिस्लाव कोश्च या स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तिची मांडणी केली, तेव्हाच सर्वसाधारण बुद्धी शाबूत असताना गणिताच्याच क्षमतेत येणारा अडथळा असं तिचं वर्णन केलं होतं. तिच्यासाठीचा डिस्कॅल्क्युलिया हा शब्द आता आपल्याकडेही शाळांमध्ये रुळला आहे. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना हा त्रास असतो असं मानलं जातं. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलं. तुमच्या वर्गातली ती दोन-तीन मुलं कोणती, हे शिक्षकांना बहुधा माहीत असतं. फक्त त्यांच्यासाठी वापरला जाणारा शब्द चुकीचा असतो.

या मुलांची अडचण नेमकी कुठे असते? एक तर काही आकडे डोक्यात धरून त्याच वेळी दुसरं काम करणं त्यांना फार जड जातं. दुसरं, पाठ केलेली तथ्यं एकमेकांत मिसळतात. बेल्जियममधल्या अलिस द विशर आणि मारी-पास्कल नोएल यांनी २०१३ मध्ये अशाच एका व्यक्तीचा अभ्यास मांडला. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी स्मरणात एकमेकींवर कुरघोडी करतात आणि त्यामुळे पाढे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. पाढ्यांकडे या नजरेने पाहिलं की अंगावर काटा येतो. सहा सख छत्तीस, सहा आठी अठ्ठेचाळीस, आठ चोक बत्तीस, चार सख चोवीस... दहाच अंक, आणि तेच तेच फिरून येणारे. ज्याच्या स्मरणात गोष्टी सहज मिसळतात त्याच्यासाठी याहून कठीण पाठांतर कुठलं असेल?

आणि आपली भाषा त्यात भर घालते. मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतो, मग साठ. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं आणि ६३ चे ३६ होतात. 'एकोणपन्नास' ऐकून ५१ लिहिणारी मुलं मी दर वर्षी पाहते, कारण त्यांना 'एक' आणि 'पन्नास' ऐकू येतं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांच्या संख्यानामांनी मुलं गोंधळतात आणि गणिताला बिचकतात. मोठ्यांना त्यात भाषेची हानी दिसली. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना मात्र 'साठ तीन' म्हटल्यावर ६३ बरोबर लिहिता येतात, आणि म्हणून मी ते बिनदिक्कत वापरते. नंतर 'साठ तीन म्हणजेच त्रेसष्ट' अशी गाठ मारते. सेमी-इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी आणखी एक सूचना. घरी आजी मराठीत पाढे घेते, शाळेत बाई इंग्रजीत घेतात आणि मुलाला तेच तथ्य दोन वेगवेगळ्या नावांनी साठवावं लागतं. कुठलीही एक भाषा ठरवा, शाळेला कळवा आणि निदान वर्षभर तिच्यावरच राहा.

आता कामाला लागू. सुरुवात समान गटांपासून. चार वाट्या, प्रत्येकीत तीन चिंचोके. पहिले काही दिवस मूल एकेक करून बाराही मोजेल. मोजू द्या. "अजून बोटं लावून मोजतोस?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. सगळे मोजणं ही गुणाकाराची पहिली पायरी आहे, आणि बहुतेक मुलं ती पहिली-दुसरीत ओलांडतात. आपलं मूल पाचवीतही तिथे असू शकतं. पुढच्या पायरीवर ते गटाने मोजायला लागतं: तीन, सहा, नऊ, बारा. इथेच मोठी अडचण येते आणि ती बाहेरून दिसत नाही. मुलाला दोन मोजण्या एकदम कराव्या लागतात. वस्तू किती झाल्या, आणि गट किती झाले. 'तीन, सहा, नऊ' म्हणताना कितवा गट चालू आहे हे सुटतं आणि उत्तर एका गटाने कमी किंवा जास्त येतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक गटागणिक एक बोट उघडायचं, किंवा वाटीखाली पेन्सिलने रेघ मारायची. एक मोजणी तोंडात, दुसरी बोटांवर. महिनाभर हे केल्यावर मुलं आपोआप मोठ्या उड्या मारू लागतात.

बोलण्याकडेही लक्ष द्या. 'चार गुणिले तीन' हे शब्द लगेच आणू नका. "चार डबे, प्रत्येकी तीन लाडू" असं बोला. 'प्रत्येकी', 'दर', 'पट' हे शब्द कानावर पडू द्यात. चौथी-पाचवीच्या शाब्दिक उदाहरणांत हेच शब्द येतात. 'पट' तर नीट वेगळा शिकवावा लागतो. "दादाकडे तुझ्या तिप्पट गोट्या आहेत" यात वाट्या नसतात आणि गट नसतात, फक्त तुलना असते. ती दाखवायला पट्टीसारखी एक रेघ आणि तिच्याखाली तिच्याएवढ्याच तीन रेघा जोडून काढाव्या.

वाट्यांनंतर ओळी आणि रकाने. यासाठी आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीइतकं सुंदर साधन दुसरं नाही. आठ ठिपक्यांची एक ओळ, अशा सात ओळी. मुलाला चौकटीच्या वहीत ठिपके काढायला लावा. मग वही आडवी फिरवा. आता सात ठिपक्यांच्या आठ ओळी झाल्या, आणि एकही ठिपका वाढला किंवा कमी झाला नाही. सात आठी आणि आठ साती एकच, हे मूल डोळ्यांनी पाहतं. नियम म्हणून सांगितलेली ही गोष्ट विसरली जाते, वही फिरवून पाहिलेली सहसा विसरली जात नाही. अंड्यांचा तीसचा ट्रे, गोळ्यांची दहाची पट्टी, न्हाणीघराच्या लाद्या, सगळीकडे ओळी-रकाने आहेत. जाता-येता विचारत राहा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको.

मग वही पुन्हा सरळ करून त्याच रांगोळीत रंगीत पेन्सिलने एक आडवी रेघ मारा, पाच ओळींखाली. वर पाच ओळी आठ-आठच्या, म्हणजे चाळीस. खाली दोन ओळी, म्हणजे सोळा. चाळीस आणि सोळा छप्पन्न. माझ्या मते या मुलांच्या गुणाकाराच्या शिक्षणात या रेघेइतकं महत्त्वाचं काही नाही. जे येत नाही ते येणाऱ्यातून बांधायचं, हा त्यातला गाभा. ज्याला हे जमलं त्याला सात एके सातपासून धावत यावं लागत नाही, आणि मधे हॉर्न वाजला तरी तो कुठे होता हे त्याला सापडतं.

पण बांधायला आधी काही विटा लागतात. म्हणून पाढ्यांचा क्रम बदला. बे, तीन, चार असा शाळेचा क्रम या मुलांसाठी चुकीचा आहे. आधी दोन, म्हणजे दुप्पट. मग दहा. मग पाच, आणि पाचासाठी घड्याळाचा मिनिटकाटा आणि पाचाची नाणी आहेतच. एकाचा पाढा तर हवाच. इथे थोडा हिशेब करून बघा, आईबाबांनाही धीर येतो. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर तथ्यं. वही फिरवण्याचा नियम लावला की उरतात ५५. त्यातून एक, दोन, पाच आणि दहा असलेली सगळी काढा, उरतात २१. चार म्हणजे दुपटीची दुप्पट: चार साती काढायचे तर सात दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस. तीन म्हणजे दुप्पट आणि आणखी एक गट. नऊ म्हणजे दहा गटांतून एक गट कमी: नऊ साती म्हणजे सत्तरातून सात गेले. हे तीन जमले की उरतात फक्त सहा: ३६, ४२, ४८, ४९, ५६ आणि ६४. सहा, सात आणि आठ यांचे आपसांतले गुणाकार. मी हा हिशेब मुलांसमोर शंभर चौकटींच्या तक्त्यावर करते, येणाऱ्या चौकटी रंगवत. शेवटी सहाच पांढऱ्या राहतात तेव्हा काही मुलं मोठ्याने हसतात. एक मुलगी म्हणाली होती, "एवढेच? मग मला रडवलं कशाला?"

नऊच्या पाढ्याची बोटांची युक्ती अनेकांना माहीत असते. तळवे आपल्याकडे करून दहा बोटं पसरायची, नऊ चोक हवं तर डावीकडून चौथं बोट मिटायचं. डावीकडे तीन, उजवीकडे सहा, ३६. ज्या मुलांना डावं-उजवं कळायला वेळ लागतो त्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक टिकली चिकटवा आणि टिकलीपासून मोजायला सांगा. मात्र युक्ती ही गटांचा अर्थ कळल्यानंतरची गोष्ट आहे. आधी दिली तर तोही एक नवा मंत्र होतो.

जी सहा तथ्यं उरली ती पाठ करायची, पण कशी? एकाच पाढ्यातली एकापाठोपाठ नकोत. इस्रायलमधल्या द्रोर दोतान आणि नामा फ्रिडमन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्मरणात अशी सरमिसळ होणाऱ्या एका व्यक्तीला गुणाकाराची तथ्यं शिकवताना एकमेकांशी कमी साम्य असलेली तथ्यं एकत्र घेतली तेव्हा ती अधिक पक्की झाली. म्हणजे ६ × ७ = ४२ आणि ६ × ८ = ४८ एकाच आठवड्यात घेऊ नका, दोन्हींत सहा आहे आणि दोन्हींत चाळीस आहे. ६ × ७ = ४२ बरोबर ८ × ८ = ६४ ही नको, दोन्हींत चार आहे आणि सहाही आहे. ७ × ७ = ४९ आणि ६ × ६ = ३६ मात्र एकत्र चालतात, कारण त्यांत एकही अंक सारखा नाही. ५६ साठी तर निसर्गानेच सोय केली आहे: पाच, सहा, सात, आठ. ५६ = ७ × ८.

आठवड्याला दोन तथ्यं पुरेत. कार्ड करा, पुढे प्रश्न, मागे ठिपक्यांचं चित्र आणि उत्तर. गठ्ठ्यात आठ-नऊ कार्डं मुलाला हमखास येणारी आणि एकच नवं. नवं कार्ड आधी दोन येणाऱ्या कार्डांनंतर, मग तीननंतर, मग चारनंतर पुन्हा येऊ द्या. मुलाचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं, आणि दर वेळी थोड्या लांबच्या अंतराने आठवावं लागतं. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. अर्धा तास एकदम बसवलं तर शेवटची वीस मिनिटं वाया जातात आणि दुसऱ्या दिवशी मूल टेबलाजवळ यायलाच तयार होत नाही.

घड्याळ लावून पाढे घेऊ नका. भीती डोक्यातली तीच जागा अडवते जिथे आकडे धरायचे असतात, आणि ती जागा या मुलांकडे आधीच अपुरी आहे. आणखी एक वाक्य गिळायला शिका: "काल तर येत होतं!" काल येत होतं हे खरं आहे, आज येत नाही हेही खरं आहे. ये-जा हा या अक्षमतेचा स्वभाव आहे. अशा वेळी विचारा, "बरं, बांधून कसं काढशील?" ॲबॅकस किंवा वैदिक गणिताच्या वर्गात घालावं का, असं बरेच आईबाबा विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. ज्याच्यासाठी गटाचा अर्थ अजून डळमळीत आहे, त्याच्या डोक्यावर वेगाने करायची नवी पद्धत चढवणं हे अन्यायाचं आहे.

चुका मात्र जपून ठेवा. लाल फुलीपेक्षा त्यांची नोंद उपयोगी. ७ × ८ चं उत्तर १५ आलं तर मुलाने बेरीज केली, म्हणजे चिन्हाकडे लक्ष नाही किंवा गुणाकाराचा अर्थ अजून बसलेला नाही, त्याला परत वाट्यांकडे न्या. ४८ किंवा ६३ आलं तर ते शेजारच्या घरात शिरलं आहे, त्याला गट कळतात, फक्त स्मरण घसरलं. ५७ आलं तर मोजताना एक वाढला. ६५ आलं तर उत्तर बरोबर आहे, लिहिण्यात अंक उलटे पडले, आणि त्याला पूर्ण गुण द्यायला मी शिक्षकांना विनवते. चार चुका, चार वेगळे उपाय. सगळ्यांवर 'पाढा दहा वेळा लिही' हा एकच उपाय केला तर चारही तशाच राहतात.

मोठे गुणाकार आले की हातचा नावाचा नवा त्रास सुरू होतो. तथ्य आठवा, हातचा लक्षात ठेवा, पुढचं तथ्य आठवा, त्यात हातचा मिळवा, दुसऱ्या ओळीत एकक सोडून लिहा. एका वेळी इतकं सांभाळणं मोठ्यांनाही सोपं नसतं. म्हणून दोन गोष्टी करा. गणिताची चौकटीची वही चौथीनंतरही चालू ठेवा, एका चौकटीत एक अंक. आणि उभ्या मांडणीआधी पेटीची मांडणी शिकवा. २३ × ४६ साठी एक चौकोन चार खणांत विभागायचा: २० × ४० म्हणजे ८००, २० × ६ म्हणजे १२०, ३ × ४० म्हणजे १२० आणि ३ × ६ म्हणजे १८. बेरीज १०५८. हातचा धरावाच लागत नाही, आणि हे दिसायला तेच ठिपक्यांचं रांगोळीचं चित्र आहे, फक्त मोठं. काही मुलं पुढे उभ्या मांडणीकडे येतात, काही शेवटपर्यंत पेटीच वापरतात. उत्तर दोन्हींत तेच येतं.

प्रगती कशी मोजायची? बरोबर उत्तरांच्या संख्येने मोजाल तर महिनोन्महिने काही हललं नाही असं वाटेल. मूल उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने गेलं ते विचारा आणि वहीत तारखेसह लिहा: एकेक मोजलं, गटाने मोजलं, बांधून काढलं, की आठवलं. जूनमध्ये एकेक मोजणारं मूल दिवाळीपर्यंत बांधून काढू लागलं असेल तर ते खूप पुढे आलं आहे, मग चाचणीतले गुण काहीही असोत. काही मुलांना सगळी तथ्यं झटकन आठवण्याची अवस्था कधीच येत नाही. सात पाचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, छप्पन्न, असं पाच सेकंदांत बांधणारं मूल गुणाकार येणारं मूल आहे.

कागदपत्रांचंही पाहून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तपासणी आणि प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या रुग्णालयांतून मिळतं, साधारण आठ वर्षांच्या वयानंतर. महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या जात आहेत, जादा वेळ आणि गणकयंत्र ही त्यातली दोन. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा पाचवी-सहावीतच मुख्याध्यापकांना भेटा आणि चालू नियम लेखी घ्या. गणकयंत्र मिळणार म्हणून गटांचं काम सोडू नका. कोणते दोन आकडे गुणायचे, आणि आलेलं उत्तर साधारण बरोबर आहे का, हे यंत्र सांगत नाही. ४९ × ६ साठी '५० सख तीनशे, त्याहून जरा कमी' असा अंदाज आधी, बटणं नंतर.

आणि तोपर्यंत, गुणाकाराचा तो शंभर चौकटींचा तक्ता छोटा करून कंपासपेटीत ठेवा. शाळेशी बोलून वर्गात वापरायची परवानगी घ्या. मोठी उदाहरणं सोडवताना तक्ता समोर असला की मुलाचं डोकं रीतीसाठी मोकळं राहतं. दोन-तीन महिन्यांत तक्ता फाटतो, तेव्हा नवा करून द्या. फक्त त्याआधी मुलाला विचारा, या खेपेला कोणत्या चौकटी कोऱ्या ठेवू, आणि ते सांगेल तेवढ्याच कोऱ्या ठेवा.